हातांनी केलेली माती

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे नावाचं शहर आहे. त्या शहरासमोरच्या उपसागराच्या तोंडाशी तीन बेटं एका रांगेत पडली आहेत. त्यांना मिळून अ‍ॅरन आयलंड्स म्हणतात. त्यातलं सगळ्यात मोठं ते इनिश मोर. आयरिश भाषेत ‘इनिश’ म्हणजे बेट आणि ‘मोर’ म्हणजे मोठं, त्यामुळे नाव ठेवणाऱ्यांनी फार डोकं चालवलेलं नाही. मराठी माणसाला त्यात पिसारा दिसला तर तो त्याचा प्रश्न. लांबी साधारण १४ किलोमीटर, रुंदी जेमतेम ४, वस्ती ८००च्या आसपास. बेटाच्या पलीकडे थेट अमेरिकेपर्यंत नुसतं पाणी.

इथे सायकलने फिरणं हा ‘आयर्लंडमध्ये काय पाहाल’ छापाच्या प्रत्येक यादीतला ठरलेला आयटम आहे. २०२२ साली ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’ हा सिनेमा आला, त्यातलं पॉड्रिकचं घर याच बेटावर उभारलं होतं, त्यामुळे यादीत भर पडली. मीही यादी बघूनच तिकीट काढलं. पण मे महिन्यातल्या त्या लाँग वीकेंडला मला बेटावर जायचं होतं, त्यापेक्षा जास्त लॅपटॉपपासून लांब जायचं होतं. लॅपटॉपमध्ये एक पीडीएफ होती.

पीडीएफचं नाव ‘संमतीपत्र फायनल २’. पानं चार. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी सड्यावर आजोबांची दोन एकर जमीन आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, आणि त्याचा उघडा पडलेला दगड म्हणजे कातळ. सातबाऱ्यावर या जमिनीचा बराचसा भाग ‘पोटखराब’ म्हणून नोंदलेला आहे, म्हणजे सरकारच्या लेखी लागवडीला निरुपयोगी. त्या निरुपयोगी जमिनीवर हापूसची ४६ कलमं उभी आहेत. घरात सगळे तिला ‘आजोबांची बाग’ म्हणतात.

बाबा निवृत्त शिक्षक. वय ६४, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. दोन वर्षं लागोपाठ मोहोर चांगला आला आणि अवकाळीने झोडपला. त्यात एक खरेदीदार आला. त्याला आंब्यांशी घेणं नव्हतं, सड्याच्या टोकावरून समुद्र दिसतो त्याच्याशी होतं. त्याच्या वकिलाचं म्हणणं, जमीन वडिलोपार्जित आहे, तेव्हा मुलांच्या सह्या लागतील. आत्याने हक्कसोडपत्र कधीच दिलं होतं. बहिणीने सही केली. राहिलो मी. मला डब्लिनच्या भारतीय दूतावासात जाऊन, अधिकाऱ्यासमोर सही करून, शिक्का मारून ते पाठवायचं होतं. अपॉइंटमेंट मिळत होती. मीच घेत नव्हतो.

बाबांनी ‘कर’ म्हटलं नाही, ‘नको’ही म्हटलं नाही. “तुका काय वाटता ता बघ,” एवढंच. आमच्याकडे हे वाक्य चर्चा संपवायला वापरतात.

*

गॉलवेहून बसने तासाभरावर रॉसाव्हील नावाचं बंदर आहे. तिथून बोटीने चाळीसेक मिनिटं. बस शहराबाहेर पडून पश्चिमेकडे सरकते तशा रस्त्यावरच्या पाट्या बदलत जातात. उर्वरित देशात पाट्या दोन भाषांत असतात. इथे इंग्रजी गळून पडते आणि फक्त आयरिश उरते. या भागाला गेलटाख्ट म्हणतात, म्हणजे जिथे आयरिश अजून रोजच्या बोलण्यात आहे असा प्रदेश. एका वळणावर रस्त्यावरच पांढऱ्या अक्षरांत ‘गो मॉल’ असं लिहिलं होतं. खरेदीला जा असं कोण सांगतंय म्हणून शोधलं, तर अर्थ निघाला ‘हळू चला’.

बोटीत माझ्या पुढच्या बाकावर दोन शाळकरी मुली आपसांत आयरिशमध्ये भांडत होत्या. कशावरून ते कळलं नाही, पण भांडण बहिणीबहिणींचं आहे हे कळायला भाषा लागत नाही. तिकीट तपासणारा आला तशा त्या त्याच्याशी आयरिशमध्येच बोलल्या. मग तो माझ्याकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, परतीची बोट पाचला, चुकवू नकोस. गावात एसटीचा कंडक्टर मुंबईकरांशी हिंदी-मराठी मिसळून बोलतो आणि पुढच्या सीटवरच्या म्हातारीशी मालवणीत, ते आठवलं.

किलरोनन हे बेटावरचं मुख्य गाव. धक्क्यावर उतरलं की समोर भाड्याच्या सायकलींची रांग. मुलाने माझी उंची डोळ्यांनी मोजली, एक निळी सायकल पुढे ढकलली, हातात नकाशा दिला. “जाताना वारा तोंडावर असेल,” तो म्हणाला. “येताना तो तुला आणून सोडेल.”

वारा पश्चिमेचा होता आणि मला पश्चिमेलाच जायचं होतं. दोन रस्ते आहेत: एक वरचा, चढाचा, आणि एक खालचा, समुद्राच्या कडेने जाणारा. मी खालचा घेतला. पहिल्या किलोमीटरमध्येच कळलं की पुण्यात कॉलेजला सायकल चालवली होती तिचा या वाऱ्याशी काही संबंध नाही. गिअर सगळ्यात हलका, तरी सायकल पुढे जायला राजी नाही. एका ठिकाणी सायकलवाले थांबून पाण्याकडे बघत होते. खडकांवर सील पहुडले होते, दुपारी जेवून ओटीवर आडवे झालेल्या काकांसारखे. मीही थांबलो. सील बघायला की दम खायला, ते नकाशाला माहीत.

आणि सगळीकडे भिंती.

*

फोटोत त्या दिसतात, पण त्यांची संख्या फोटोत कळत नाही. राखाडी चुनखडीच्या, कंबर ते छातीइतक्या उंच, सिमेंट नाही, चुना नाही, दगडावर दगड. तीन बेटांवर मिळून त्यांची लांबी हजार किलोमीटरहून जास्त भरते. त्यांच्यामध्ये अडकलेली शेतं इतकी लहान की काहींत आमच्या ऑफिसची मीटिंग रूमही बसणार नाही. बऱ्याच भिंती एकेरी आहेत आणि दगडांमधून आरपार उजेड दिसतो. वारा त्या फटींतून निघून जातो, म्हणून भिंत उभी राहते. फटी बुजवल्या तर वाऱ्याचा सगळा जोर भिंतीवर येईल.

मला आधी वाटलं, भिंती शेताचं रक्षण करायला आहेत. ते आहेच, वारा आणि गुरं अडतात. पण इतक्या भिंती कशाला? कारण दगड ठेवायला दुसरी जागा नव्हती. हे बेट म्हणजे चुनखडीचा एक थाळा आहे. साधारण ३३ कोटी वर्षांपूर्वी उष्ण उथळ समुद्राच्या तळाशी तो तयार झाला, मग हिमयुगातल्या बर्फाने त्यावरची माती खरवडून नेली. शेत करायचं तर आधी सुटे दगड उचलायचे, आणि उचललेले ठेवायचे कुठे? तर कडेला, एकावर एक.

दगड उचलले तरी खाली मातीच नाही. खाली परत दगड, लांबच लांब भेगा पडलेला. मग या लोकांनी माती तयार केली. भेगा दगडाच्या कपच्यांनी बुजवल्या. किनाऱ्यावरून वाळू आणली. समुद्राने फेकलेलं शेवाळ आणलं. वाळूचा थर, शेवाळाचा थर, भेगांतून नखांनी काढल्यासारखी काढलेली मूठ-मूठ माती. ते कुजायचं, त्यात बटाटे लावायचे, पुढच्या वर्षी पुन्हा शेवाळ. पाठीवरच्या टोपल्यांतून आणि गाढवांवरून, पिढ्यान् पिढ्या. ज्या हिरव्या चौकोनांचे आपण फोटो काढतो, त्यातले कितीतरी या अर्थाने माणसांनी केलेले आहेत.

आदल्या रात्री गॉलवेच्या हॉस्टेलमध्ये मी ‘मॅन ऑफ अ‍ॅरन’ हा सिनेमा फोनवर पाहिला होता. रॉबर्ट फ्लाहर्टीचा, १९३४चा. त्याला माहितीपट म्हणतात, पण त्यातली महाकाय शार्कची शिकार सिनेमासाठी मुद्दाम घडवलेली आहे. बेटावरच्या लोकांनी ती कित्येक दशकांपूर्वीच सोडली होती, त्यांना ती पुन्हा शिकवावी लागली. माती करण्याचा प्रसंगही त्यात आहे. पुरुष घण घेऊन दगड फोडतो, पार्श्वसंगीत चढतं. आणि एक बाई, वारा तिचे कपडे ओढतोय, पाठीवर ओल्या शेवाळाची टोपली घेऊन समुद्रावरून वर चढते. खाली जाते, पुन्हा चढते. सिनेमाचं नाव मात्र ‘मॅन ऑफ अ‍ॅरन’.

तेव्हा मी हे फक्त पाहिलं होतं. सायकलवरून ती शेतं पाहताना पहिल्यांदा टोपलीच्या वजनाचा विचार आला.

*

किलमर्वीच्या पांढऱ्या पुळणीपाशी सायकली लावायची जागा आहे. तिथून पायवाटेने वर चढलं की दून एंगस. हा दगडी किल्ला पाहायलाच बहुतेक लोक बेटावर येतात. अर्धवर्तुळाकार भिंती, एकात एक, आणि चौथ्या बाजूला काहीच नाही. म्हणजे अक्षरशः काहीच नाही: जमीन संपते आणि खाली सुमारे ९०-१०० मीटरवर अटलांटिक आपटत असतो. कठडा नाही. लोक पोटावर झोपून कड्याच्या काठाशी सरपटत जातात आणि डोकं बाहेर काढून बघतात. मीही झोपलो. खालून येणारा आवाज कानांपेक्षा बरगड्यांना आधी कळतो.

१९९०च्या दशकात इथे उत्खनन झालं. त्यातून कळलं की टेकडीवर माणसं साधारण ३५०० वर्षांपूर्वीपासून राहत होती आणि सर्वांत जुनी तटबंदी इसवी सनापूर्वी ११००च्या सुमाराची आहे. बाहेरच्या बाजूला हजारो टोकदार दगड जमिनीत उभे रोवलेले आहेत, दाट, वेडेवाकडे, चालून येणाऱ्याचे घोटे मोडतील असे. किल्ल्याचा उरलेला अर्धा भाग समुद्रात कोसळला की मुळातच तो असा बांधला, यावर जुना वाद आहे. १९व्या शतकाच्या अखेरीस सरकारने भिंतींची डागडुजी केली, त्यामुळे आज आपण पाहतो त्यातला नेमका कुठला दगड किती जुना, हे डोळ्यांनी सांगता येत नाही.

माझ्या कामात याला लेगसी सिस्टिम म्हणतात. कोणी लिहिलं माहीत नाही, का लिहिलं माहीत नाही, मधे कोणीतरी दुरुस्त केलं, चालतंय, हात लावू नका. फरक इतकाच की आमच्याकडे निदान कमिट हिस्टरी असते. कोणत्या ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला, ते एका कमांडने कळतं. इथे हजारो दगड आणि नाव एकाचंही नाही.

किल्ल्यावरून उतरून मी गॉर्ट ना गापल या वाडीकडे वळलो. नावाचा अर्थ ‘घोड्यांचं शेत’. लिअम ओफ्लाहर्टी हा लेखक इथे १८९६ मध्ये जन्मला. त्याच्या ‘द इन्फॉर्मर’ या कादंबरीवर जॉन फोर्डने १९३५ साली सिनेमा केला. वाडीच्या पुढे सायकल सोडून कातळावरून चालत गेलं की पोल ना बेश्ट लागतं. कड्याच्या पायथ्याशी खडकात एक आयताकृती खळगा आहे, आखून कापल्यासारखा, स्विमिंग पूलसारखा. पण तो निसर्गाने केला आहे. समुद्र खालच्या बोगद्यातून आत येऊन त्यात उसळतो. कड्यांवरून उड्या मारण्याच्या जागतिक स्पर्धा इथे झाल्या आहेत. मी काठापासून लांब बसून सँडविच खाल्लं.

त्या कातळावर चालताना सारखं गावच्या सड्यावर आल्यासारखं वाटत होतं. रंग वेगळा, आमचा लाल आणि भोकाभोकांचा, हा राखाडी आणि गुळगुळीत. पण पायांना तसंच वाटतं, आणि भेगांतून तशीच फुलं. सड्यावर ती पावसाळ्यात येतात. इथे मे महिन्यात गडद निळं जेन्शियन फुललं होतं, नखाएवढं, पण इतकं निळं की फोन त्याचा रंग पकडू शकला नाही.

*

परत निघालो तेव्हा वाडीच्या बाहेर एक म्हातारे गृहस्थ भिंत पाडत होते.

निदान मला तसं वाटलं. ते एकेक दगड उचलून बाजूला ठेवत होते, घाई नाही. पलीकडे दोन गायी उभ्या. पुरेशी वाट झाली तेव्हा त्यांनी काहीतरी म्हटलं, आयरिशमध्ये, गायींना. गायी अंग चोरून त्या वाटेने अलीकडे आल्या, रस्ता ओलांडून समोरच्या शेतात गेल्या. मग ते दगड पुन्हा रचायला लागले.

इथल्या बऱ्याच शेतांना फाटक नसतं. बेटावर झाडं कमी, लाकूड महाग. भिंतीत एक ठरलेली जागा असते, तिला बार्ना म्हणतात. तिथले दगड सैल रचलेले. जनावर न्यायचं तर काढायचे, नेलं की परत लावायचे. दर वेळी.

“बघत बसण्यापेक्षा हात लाव,” ते म्हणाले.

मी सायकल आडवी केली आणि हात लावला. मी दगड विटांसारखे आडवे, नीट बसवत होतो. त्यांनी माझे दोन दगड काढून उभे लावले, मधे बारके दगड कोंबले, वर एक तिरका ठेवला. दिसायला वाईट, पण हलवून पाहिलं तर हलेना. “वाऱ्याला जायला जागा ठेव,” ते म्हणाले.

मी त्यांना विचारलं, गायी रोज अशा हलवता? नाही, म्हणाले, हिवाळाभर त्या वर कातळावर चरतात, रखरखीत गवत खाऊन टाकतात, उन्हाळ्याच्या तोंडाला खाली आणायच्या. गायींनी ते गवत खाल्लं नाही तर फुलं वर येत नाहीत. ती निळी फुलं पाहिलीस ना, ती गायींची मेहेरबानी. हे मी निसर्ग समजत होतो.

“तुमच्याकडे दगड आहेत?” त्यांनी विचारलं.

“लाल आहेत. जमीन म्हणजे तेच.”

“मग काय पिकतं?”

“आंबे.”

ते मोठ्याने हसले. “दगडात आंबे?”

“तुम्ही दगडात बटाटे काढता.”

हे त्यांना पटलं असावं. मग मी विचारलं, ही सगळी शेतं तुमची? त्यांनी हाताने दाखवलं. “हे माझं. पलीकडचं भावाचं, तो बोस्टनला आहे. त्याच्या पलीकडचं कोणाचं ते बोस्टनलाच ठाऊक.”

भावाच्या शेतात काटेरी झुडपं कमरेइतकी वाढली होती. भिंत एका जागी बसली होती आणि तिच्यावरून काटे रस्त्याकडे झुकले होते. त्यांच्या शेतात आणि भावाच्या शेतात फक्त एका भिंतीचं अंतर, पण दोन वेगळे देश असावेत असं वाटत होतं.

“भाऊ विकत नाही का?”

“विकत नाही. करतही नाही.” त्यांनी शेवटचा दगड चढवला. “काट्यांना काय, त्यांना कागद लागत नाही.”

त्यांनी माझ्याशी हात मिळवला. तो हात मऊ असण्याची मी अपेक्षा केली नव्हती, पण इतका खरखरीत असेल असंही वाटलं नव्हतं. मी वरच्या रस्त्याने परत निघालो. वारा आता पाठीशी होता, पायडल मारायचीही गरज नव्हती.

काट्यांना कागद लागत नाही. त्या पीडीएफवर सही न करणं म्हणजे बाग राखणं, असं मी गेले दोन महिने धरून चाललो होतो. सही केली तर मी जमीन विकणारा, नाही केली तर राखणारा. पण बोस्टनच्या भावानेही सही केलेली नाही. त्याच्याही फोनमध्ये बहुधा बेटाचे फोटो असतील. डब्लिनमध्ये हीटर लावून बसून ‘जमीन विकायची नाही’ म्हणणं म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी गुडघ्यांवर भावुक होणं. राखायचं म्हणजे दगड काढायचे आणि परत लावायचे. दर वेळी.

*

किलरोननला पोचलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. भारतात पावणेनऊ. सायकल परत केली आणि धक्क्याच्या भिंतीवर बसून बाबांना फोन लावला. सहीबद्दल बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून दुसरंच निघालं.

“बाबा, सड्यावरच्या खड्ड्यांत माती खंयसून हाडली?”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग बाबा जे सुरू झाले ते बोटीची रांग लागेपर्यंत थांबले नाहीत.

कातळात खड्डे करायला सुरुंग लावणारे बाहेरगावचे आले होते. बाबा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. सुरुंग उडणार म्हटलं की पोरांना घरात कोंडायचे, म्हणून त्यांना ते नीट आठवतं. तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डे. माती व्हाळाच्या काठची, गाळाची. व्हाळ खाली, सडा वर, मधे घाटी. बैलगाडी घाटीच्या पायथ्यापर्यंत. तिथून पुढे डोक्यावरून पाट्यांनी.

“आजोबांनी एवढी माती वाहिली?” मी विचारलं.

“आजो खंय? आजो मुंबैत, गिरणीत.” आजोबा गणपतीला आणि मे महिन्यात यायचे. सुरुंगवाल्याचे पैसे त्यांच्या मनिऑर्डरीतून गेले. माती वाहिली आजीने, तिच्या जावेने आणि वाडीतल्या दोन बायकांनी. एका खड्ड्याला साठेक पाट्या, बाबांनी मोजल्या होत्या, कारण मोजायचं काम त्यांच्याकडे होतं. पहिल्या तीन वर्षांत उन्हाळ्यात कलमांना पाणीही त्याच घाटीने, कळशांनी.

मी धक्क्यावर बसल्या बसल्या गुणाकार केला. ४६ गुणिले ६०. पाट्या २७६०.

आजी मी सातवीत असताना गेली. मला ती आठवते ती ओटीवर सुपारी कातरताना, मान किंचित डावीकडे कललेली. मान अशी का, हे आम्ही कधी विचारलं नाही. आजीची मान तशीच असते असं आम्हाला वाटायचं. सातबाऱ्यावर तिचं नाव कधीच नव्हतं. आजोबांचं होतं, मग बाबांचं आणि आत्याचं आलं, मग आत्याचं कमी झालं. बागेचं नाव आजोबांची बाग.

“बाबा,” मी म्हटलं, “तुम्हाला विकायची आहे का?”

बराच वेळ फोनमध्ये फक्त वाऱ्याचा आवाज, तोही माझ्याच बाजूचा.

“माका विकूची नाय रे,” ते म्हणाले. “पण झेपणा नाय आता.”

दोन महिन्यांत हे पहिलं खरं वाक्य आमच्यात बोललं गेलं. आणि ते मला सहीबद्दल विचारून मिळालं नसतं, याची मला खात्री आहे.

*

डब्लिनला परतल्यावर मी टिम रॉबिन्सन या माणसाबद्दल वाचलं. गणित शिकलेला इंग्रज, १९७२ साली अ‍ॅरनवर राहायला आला, आणि बेटाचे नकाशे काढायला लागला. जुन्या सरकारी नकाशांत गावांची आयरिश नावं इंग्रजी कानांना ऐकू आली तशी लिहिलेली होती. रॉबिन्सन पायी फिरला, लोकांना विचारत गेला, या दगडाला काय म्हणता, त्या खाचेला काय म्हणता. नकाशा १९७५ मध्ये आला. मग ‘स्टोन्स ऑफ अ‍ॅरन’ हे दोन खंडांचं पुस्तक, एक खंड १९८६ चा, दुसरा १९९५ चा. एका १४ किलोमीटरच्या बेटावर दोन जाड खंड. आधी मला ती अतिशयोक्ती वाटली. आता वाटत नाही.

मी एक स्प्रेडशीट केली. ४६ ओळी, प्रत्येक कलमासाठी एक. बाबा फोनवर सांगत गेले, मी भरत गेलो: कुठलं कधी लावलं, कुठल्याला वीज पडून फांदी गेली, कुठल्याचा आंबा आधी पिकतो. ‘माती’ नावाचा एक कॉलम केला. त्यात चार बायकांची नावं आली. दोन बाबांना लगेच आठवली नाहीत. वाडीत विचारून त्यांनी तीन दिवसांनी कळवली.

संमतीपत्रावर मी सही केली नाही. पण त्यात काही विजय वगैरे नाही. खरेदीदार महिनाभर थांबला आणि दुसऱ्या सड्यावर गेला, समुद्र तिथूनही दिसतो. बाग शेजारच्या वाडीतल्या एका तरुणाला दोन वर्षांच्या कराराने दिली. कराराच्या पैशांतून खतं आणि फवारण्या वजा केल्यावर फारसं काही उरत नाही. पाण्याच्या टाकीचे पैसे मी पाठवतो. दोन वर्षांनी काय, हा प्रश्न आहे तिथेच आहे. मी परत जाईन का, हेही मला माहीत नाही. मला इतकंच कळलंय की हा प्रश्न सहीचा नाही आणि तो पीडीएफमध्ये सुटणार नाही.

डिसेंबरात सुट्टी काढून गावी गेलो. बागेच्या खालच्या अंगाला जांभ्याचा गडगा आहे, दगडावर दगड, सिमेंट नाही. एका जागी तो पडला होता आणि तिथून गुरं आत येत होती. बाबा खुर्ची टाकून बसले आणि मी रचला. चार दिवस, बारा हात. बोटं सोलली. तिसऱ्या दिवशी करारवाला तरुण मदतीला आला आणि अर्ध्या तासात त्याने माझ्या दिवसभराइतकं काम केलं. मी वाऱ्याला जागा ठेवा वगैरे सांगितलं, तर तो म्हणाला, “दादा, हयसर वारो नाय, पाणी येता.” म्हणजे आमच्या गडग्याला वाऱ्याची नाही, पाण्याची वाट ठेवावी लागते. मग तशी ठेवली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मी ऑफिसात असताना, बाबांचा मेसेज आला. फोटो होता: ओला लाल गडगा, मधे तीनेक हात कोसळलेला, बाकी जागेवर. खाली लिहिलं होतं, “बारके दगड कमी पडले. फुडच्या टायमाक दाखवतंय.”